चेंडू कोण पुसतो? गोल्फमधील एका छोट्या साधनाचा इतिहास

प्रस्तावना

गोल्फ खेळणाऱ्याच्या पिशवीला अनेकदा एक लहानशी डबी कडीने अडकवलेली दिसते. डबी मुठीत मावेल एवढी असते. ती उघडली की आत दाट केसांचा ब्रश किंवा ओलसर स्पंज असतो. चेंडू आत ठेवून डबी मिटायची, चार-पाच वेळा फिरवायची आणि स्वच्छ चेंडू बाहेर काढायचा. काही प्रकारांत डबीऐवजी आतून पाणी शोषणारे कापड लावलेली पिशवी असते, तर काहींत बॅटरीवर फिरणारा ब्रश असतो. काम एकच: चेंडूवरची माती, गवत आणि वाळू काढणे.

इतक्या क्षुल्लक वस्तूचा इतिहास कशासाठी अभ्यासायचा, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. पण या डबीच्या मागे तीन वेगवेगळे इतिहास उभे आहेत. पहिला चेंडूच्या घडणीचा: चेंडू स्वच्छ असण्याची गरज केव्हा आणि का निर्माण झाली? दुसरा नियमांचा: चेंडू पुसण्याची परवानगी कधी मिळाली? तिसरा श्रमाचा: पुसण्याचे काम कोणाकडे होते आणि ते खेळाडूच्या हाती कसे आले? या पाठात आपण हे तीन धागे क्रमाने पाहू.

१. पिसांचा चेंडू आणि पाण्याची भीती

स्कॉटलंडमध्ये अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वापरला जाणारा चांगला चेंडू चामड्याचा असे. शिवलेल्या चामडी पिशवीत उकळून मऊ केलेली पिसे ठासून भरत. वाळताना चामडे आकसे, पिसे फुगत आणि चेंडू कडक होई. कुशल कारागिराचेही दिवसभरात मोजकेच चेंडू तयार होत, त्यामुळे ते महाग असत. सेंट अँड्र्यूज येथील अॅलन रॉबर्टसन हा या कामातला नावाजलेला कारागीर आणि खेळाडू होता.

या चेंडूचा खरा शत्रू पाणी. ओला झाला की तो जड होई आणि शिवण उसवे. म्हणजे त्या काळी चेंडू धुण्याचा प्रश्नच नव्हता. तो कोरडा ठेवणे आणि हलक्या हाताने पुसणे एवढेच करता येई.

१७४४ साली एडिंबरोजवळील लीथ येथे गोल्फचे पहिले लिखित नियम तयार झाले. एकूण तेरा नियम होते. त्यांतील एका नियमात पाण्यात किंवा पाणथळ घाणीत गेलेला चेंडू बाहेर काढून, एका फटक्याचा दंड घेऊन पुढे खेळण्याची मुभा दिली आहे. खेळाच्या पहिल्याच लिखित नियमावलीत चिखलाची दखल घ्यावी लागली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. समुद्रकाठच्या ओलसर, वालुकामय जमिनीवर वाढलेल्या खेळाला मातीपासून सुटका नव्हती.

२. गटापर्चा: धुता येणारा चेंडू

१८४८ च्या सुमारास गटापर्चाचा चेंडू आला. गटापर्चा म्हणजे मलाय द्वीपसमूहातील एका झाडाचा घट्ट झालेला चीक. गरम पाण्यात तो मऊ होतो, हवा तो आकार घेतो आणि थंड झाल्यावर कडक होतो. सिंगापूरमधील शल्यविशारद विल्यम माँटगोमेरी यांनी १८४३ मध्ये त्याचे नमुने लंडनला पाठवले, तेव्हापासून ब्रिटनमध्ये त्याचे निरनिराळे उपयोग सुरू झाले. सेंट अँड्र्यूजच्या रॉबर्ट पॅटरसन यांना विष्णूच्या मूर्तीच्या खोक्यात भरणीसाठी घातलेला गटापर्चा मिळाला आणि त्यापासून त्यांनी पहिला चेंडू वळला, अशी कथा गोल्फच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते. ती आख्यायिका म्हणूनच वाचावी. पण वसाहतींतून येणाऱ्या मालावर हा चेंडू उभा होता हे मात्र खरे.

या चेंडूने दोन गोष्टी बदलल्या. एक, तो पाण्याने बिघडत नसे, म्हणून निर्धास्तपणे धुता येई. दोन, तो स्वस्त होता. टोचे पडलेला, विद्रूप झालेला चेंडू गरम पाण्यात मऊ करून पुन्हा साच्यात घालता येई आणि त्यावर पांढरा रंग देता येई. गोल्फ त्यामुळे अधिक लोकांच्या आवाक्यात आला. पिसांच्या चेंडूवर उपजीविका असलेल्या रॉबर्टसनला मात्र हा धोका वाटला. या नव्या चेंडूवरूनच त्याचा आणि त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या टॉम मॉरिसचा बेबनाव झाला.

या स्वस्ताईची किंमत दुसरीकडे मोजली जात होती. गटापर्चाच्या झाडाला नुसती खाच पाडून फारसा चीक मिळत नाही, म्हणून झाडेच तोडली जात. समुद्राखालून जाणाऱ्या तारांवर वेष्टन म्हणून हाच पदार्थ लागे. १८७० मध्ये मुंबईला सुवेझ-एडनमार्गे ब्रिटनशी जोडणारी तारही याच तंत्रावर टाकलेली होती. तारांच्या मागणीपुढे गोल्फचा वाटा किरकोळ होता. पण दोन्ही मागण्या एकाच जंगलावर पडत होत्या, आणि एकोणिसावे शतक संपेपर्यंत ही झाडे दुर्मीळ झाली होती.

३. खळगे आले आणि मातीचे महत्त्व वाढले

गटापर्चाचा नवा, गुळगुळीत चेंडू हवेत नीट उडत नसे. वापरून खरवडलेला चेंडू मात्र दूर आणि सरळ जाई. खेळाडूंनी हे अनुभवाने ओळखले. मग कारागीर हातोडीने मुद्दाम खाचा पाडू लागले आणि पुढे साच्यांतच नक्षी कोरली गेली. एडिंबरोचे भौतिकशास्त्रज्ञ पीटर गथ्री टेट यांनी १८९० च्या दशकात चेंडूच्या उड्डाणाचा अभ्यास केला. खालून मागे फिरणाऱ्या चेंडूला हवा वर उचलून धरते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांचा मुलगा फ्रेडी हा त्या काळचा अव्वल हौशी गोल्फपटू होता.

१८९८ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात कोबर्न हॅस्केल यांनी रबरी धागा ताणून गुंडाळलेला चेंडू तयार केला. १९०२ ची ओपन स्पर्धा सँडी हर्ड यांनी हाच चेंडू वापरून जिंकली आणि गटापर्चाचे दिवस संपले. त्यानंतर लेस्टरच्या विल्यम टेलर यांनी १९०५ मध्ये खोलगट खळग्यांच्या नक्षीचे पेटंट घेतले. आजचा चेंडू त्याच कल्पनेवर चालतो. त्याचा व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर आणि वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम असावे लागते. त्यावर साधारणपणे तीनशे ते पाचशे खळगे असतात.

खळगे काय करतात? ते चेंडूला चिकटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थरात खळबळ निर्माण करतात. असा थर चेंडूच्या मागच्या बाजूपर्यंत चिकटून राहतो, त्यामुळे मागे राहणारा कमी दाबाचा पट्टा अरुंद होतो आणि हवेचा विरोध घटतो. आता एका बाजूचे खळगे मातीने बुजले असे समजा. दोन्ही बाजूंनी हवा सारखी वाहणार नाही आणि वजनही एका अंगाला किंचित झुकेल. चेंडू वाकडा जाईल. शिवाय दांड्याचे तोंड आणि चेंडू यांच्यामध्ये माती आली तर चेंडूला अपेक्षित फिरकी मिळणार नाही. गुळगुळीत चेंडूवरची माती ही केवळ अस्वच्छता होती. खळग्यांच्या चेंडूवर तीच माती खेळाचा निकाल बदलू शकते. म्हणूनच स्वच्छतेची खरी गरज विसाव्या शतकात निर्माण झाली.

४. नियम: चेंडू उचलायचा केव्हा?

गोल्फचे मूळ तत्त्व असे की, चेंडू जिथे आणि जसा पडला तसाच खेळायचा. मग तो पुसायचा कसा? पुसण्यासाठी उचलावा लागतो आणि उचलणे म्हणजे तत्त्वाचा भंग. ही अडचण नियमकर्त्यांना दीर्घकाळ सतावत राहिली.

छिद्राभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावरही, ज्याला ग्रीन म्हणतात, पूर्वी चेंडू मनासारखा उचलता येत नसे. दोघांच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याचा चेंडू आपल्या वाटेत आला तरी तो बहुतेक वेळा तिथेच राही आणि त्याला वळसा घालून किंवा त्याच्यावरून खेळावे लागे. या प्रकाराला स्टायमी म्हणत. १९५२ पासून लागू झालेल्या समान नियमावलीने तो रद्द केला. त्यानंतर ग्रीनवर खूण ठेवून चेंडू उचलणे आणि पुसणे हळूहळू सर्वमान्य झाले.

२०१९ पासून लागू असलेल्या नियमांत हा मुद्दा स्पष्ट आहे. ग्रीनवरून उचललेला चेंडू केव्हाही स्वच्छ करता येतो. इतरत्र उचललेला चेंडूही सहसा पुसता येतो, पण काही अपवाद आहेत. चेंडू चिरला आहे का हे पाहण्यासाठी उचलला असेल किंवा तो दुसऱ्याच्या खेळात अडथळा ठरत असेल म्हणून उचलला असेल, तर तो पुसता येत नाही. आपला चेंडू ओळखण्यासाठी उचलला असेल तर ओळख पटण्यापुरतीच माती काढता येते. चूक झाली तर एका फटक्याचा दंड.

मैदान फार चिखलाचे असेल तर आयोजक स्थानिक नियम करून चेंडू उचलण्याची, पुसण्याची आणि परत ठेवण्याची परवानगी देऊ शकतात. द्यावी की नाही यावर आजही वाद होतात. मे २०२५ मध्ये अमेरिकेतील क्वेल हॉलो येथे पावसानंतर झालेल्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये ही परवानगी दिली गेली नाही. चिखल लागलेल्या चेंडूंबद्दल स्कॉटी शेफलर यांनी उघड नाराजी व्यक्त केली आणि पुढे तीच स्पर्धा जिंकली. एका बाजूचा युक्तिवाद असा की, मैदानाच्या मध्यावर अचूक मारलेल्या फटक्याला चिखलाची शिक्षा होऊ नये. दुसरी बाजू म्हणते की, नशीब हा खेळाचाच भाग आहे.

५. फडके कोणाच्या खांद्यावर?

नियमाने परवानगी दिली तरी काम कोणीतरी करावे लागते. गोल्फच्या इतिहासात ते बहुतांश कॅडीने केले. कॅडी म्हणजे खेळाडूची पिशवी वाहणारा, अंतर सांगणारा, चेंडू शोधणारा आणि पुसणारा मदतनीस. लाकडी टी प्रचलित होण्यापूर्वी प्रत्येक छिद्राच्या सुरुवातीला वाळूची पेटी आणि पाणी ठेवलेले असे. ओल्या वाळूची चिमूट उभी करून तिच्यावर चेंडू ठेवायचा, हेही कॅडीचेच काम. बोस्टनमधील कृष्णवर्णीय दंतवैद्य जॉर्ज ग्रँट यांनी १८९९ मध्ये टीचे पेटंट घेतले, तरी ती घरोघरी पोहोचायला १९२० चे दशक उजाडावे लागले.

कॅडी कोण असत, हे समाजाच्या उतरंडीवर ठरे. अमेरिकेतील ऑगस्टा येथील मास्टर्स स्पर्धेत १९८२ पर्यंत खेळाडूंना क्लबचेच कॅडी घ्यावे लागत आणि ते सगळे कृष्णवर्णीय होते. भारतात १८२९ मध्ये कलकत्त्याला स्थापन झालेला गोल्फ क्लब ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना मानला जातो. वसाहतकाळात अशा क्लबांचे दरवाजे भारतीय सभासदांना अनेक वर्षे बंद होते, पण पिशवी वाहायला आणि चेंडू पुसायला आसपासच्या वस्त्यांतील मुले लागत. क्लबांच्या लाकडी फलकांवर विजेत्यांची नावे सोनेरी अक्षरांत आहेत. ज्यांनी त्यांचे चेंडू पुसले त्यांची नावे तिथे नाहीत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने साधने वाचताना हे मौनही वाचायला शिकले पाहिजे.

या मौनाला छेद देणारी उदाहरणे पुढे आली. दिल्लीत कॅडी म्हणून काम केलेले अली शेर १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक गोल्फपटू ठरले आणि १९९३ मध्ये त्यांनी ती पुन्हा जिंकली. रॉयल कलकत्ता क्लबच्या मैदानाची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याचे चिरंजीव शिवशंकर प्रसाद चौरसिया यांनी २००८ मध्ये दिल्लीत इंडियन मास्टर्स स्पर्धा जिंकली. चेंडू पुसता पुसता खेळ निरखणारे डोळे काय शिकू शकतात, याचा हा पुरावा आहे.

६. खांबावरचे यंत्र ते खिशातली डबी

विसाव्या शतकात मैदानांवर टीजवळ खांबाला बसवलेली चेंडू धुण्याची यंत्रे आली. साबणाच्या पाण्याने भरलेल्या पेटीत समोरासमोर ब्रश असतात. मधल्या फळीच्या भोकात चेंडू ठेवून ती वरखाली करायची. हे काम खेळाडू स्वतः करू शकतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ढकलगाड्या आणि विजेच्या गाड्या आल्या, कॅडींची संख्या घटली आणि स्वतःचा चेंडू स्वतः पुसणे नेहमीचे झाले.

पण खांब एका जागी असतो आणि चेंडू मळतो दुसरीकडे. ग्रीनवर पोहोचल्यावर ते यंत्र हाताशी नसते. मग खेळाडू काय करत? विजारीला घासत, ओला टॉवेल वापरत आणि काही जण चक्क चेंडू चाटून साफ करत. ही शेवटची सवय किती महागात पडू शकते, हे १९९७ मध्ये गट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका नोंदीतून दिसते. डब्लिनमधील डॉक्टरांनी एका निवृत्त गोल्फप्रेमीच्या यकृतदाहाचे वर्णन केले होते. त्याला चेंडू चाटण्याची सवय होती आणि मैदानावर २,४-डी हे तणनाशक फवारले जात होते. सवय सोडल्यावर त्याची प्रकृती सुधारली. ती पुन्हा सुरू केल्यावर आजार उलटला. हिरव्यागार गवतामागे रसायने असतात, हे या प्रकरणाने अनेकांना प्रथमच जाणवून दिले.

हातातले साधन या पोकळीत बसते. त्याला खांब लागत नाही, मदतनीस लागत नाही आणि तोंडही लागत नाही. २०२० मध्ये कोविड साथीच्या काळात अनेक देशांतील मैदानांनी सर्वांचे हात लागणारी धुण्याची यंत्रे बंद केली किंवा काढून टाकली. तेव्हा स्वतःची डबी बाळगणे ही सोय न राहता आरोग्याची खबरदारी ठरली.

समारोप

चेंडू पुसण्याची जबाबदारी कॅडीकडून क्लबच्या यंत्राकडे आणि तिथून खेळाडूच्या हातातल्या डबीकडे गेली. या प्रवासाला एकच शोध कारणीभूत नव्हता. धुता येणारा चेंडू, मातीने बिघडणारे खळगे, उचलण्याची मुभा देणारे नियम आणि कमी झालेले कॅडी हे सगळे जुळून आल्यावरच अशा साधनाला अर्थ आला. तंत्रज्ञानाच्या इतिहासात हे नेहमी घडते: वस्तू नवी दिसते, पण तिची गरज अनेक दशके तयार होत असते. आणि एखादे साधन माणसाचे काम हाती घेते, तेव्हा खेळाडूची सोय आणि कोणाची तरी गेलेली रोजी, दोन्हींची नोंद इतिहासाने ठेवायची असते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. पिसांच्या चेंडूच्या तुलनेत गटापर्चाच्या चेंडूमुळे स्वच्छतेचा प्रश्न कसा बदलला?
२. चेंडूवरील खळग्यांचे कार्य सांगून मातीचा उड्डाणावर होणारा परिणाम स्पष्ट करा.
३. चिखलाच्या मैदानावर चेंडू पुसण्याची परवानगी द्यावी का? दोन्ही बाजू मांडून आपले मत लिहा.
४. आपल्या परिसरातील एखादे छोटे साधन निवडा. ते येण्यापूर्वी ते काम कोण करत असे, याचा शोध घेऊन टिपण तयार करा.