पन्नास डॉलरची जीप : युद्ध संपल्यावर लष्करी ट्रकांचे काय झाले?

१/
दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक दशके अमेरिकी मासिकांच्या मागच्या पानांवर एक जाहिरात हमखास दिसे : लष्कराची शिल्लक जीप, किंमत अवघी ५० डॉलर! ती लाकडी खोक्यात बंद, कोरी करकरीत मिळते, अशी वदंताही सर्वदूर पसरली होती. प्रत्यक्षात पैसे धाडणाऱ्याच्या हाती पडे ती एक पुस्तिका, सरकारी विक्री कोठे व कशी होते हे सांगणारी.

२/
जी जीप खुद्द सरकारला सुमारे साडेसातशे डॉलरना पडली, ती पन्नासात कशी मिळावी? तरीही लोकांनी विश्वास ठेवला. त्या विश्वासामागे एक खरा इतिहास आहे.

३/
युद्धकाळात अमेरिकेने वाहनांचा अक्षरशः पूर उभा केला. सहाच्या सहा चाकस्थानांना इंजिनाची ताकद देणारे जीएमसी कंपनीचे अडीच टनी ट्रक पाच लाखांहून अधिक बनले, तर जीपगाड्या सहा लाखांहून अधिक. १९४४ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये फ्रान्समध्ये धावलेल्या ‘रेड बॉल एक्स्प्रेस’ या रसदवाहतुकीत ऐन भरात सुमारे ६,००० वाहने होती. त्यांच्या चालकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय सैनिक होते.

४/
युद्ध संपताच या वाहनांचे काय करायचे, हा प्रश्न आधीच ओळखून ३ ऑक्टोबर १९४४ रोजी, म्हणजे लढाई चालू असतानाच, अमेरिकेत शिल्लक मालमत्तेचा कायदा झाला. प्रश्न सोपा नव्हता. सारा माल एकदम बाजारात ओतला तर मोटारकारखान्यांचे नवे ट्रक घेणार कोण? आणि रोखून धरला तर वर्षानुवर्षे नवे वाहन न मिळालेल्या शेतकऱ्याने काय करायचे? घरी परतलेल्या सैनिकाचा हक्क, ही तिसरी बाजू.

५/
१९४६ मध्ये विक्रीचे काम ‘वॉर अॅसेट्स अॅडमिनिस्ट्रेशन’ या नव्या खात्याकडे आले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने माजी सैनिकांचा क्रम केंद्र सरकारच्या खात्यांच्या लगोलग लावला गेला आणि काही वस्तू केवळ त्यांच्यासाठी राखून ठेवण्याची तरतूद झाली. कागदावर हक्क पक्का झाला. पण मागणारे पुष्कळ आणि चांगली वाहने मोजकी, त्यामुळे रांग काही चुकली नाही.

६/
विक्रीची अट एका वाक्याची होती : माल ‘आहे तसा, आहे तिथे’. हमी नाही, घरपोच नाही. शेकडो मैलांवरच्या आगारात जायचे, उघड्यावर ओळीने उभ्या ट्रकांतून आपला शोधायचा, उतरलेली बॅटरी आणि बसलेले टायर यांची सोय स्वतः करायची आणि तो चालवत घरी न्यायचा.

७/
हा प्रवास सुखाचा नव्हता. अडीच टनी जीएमसीचा कमाल वेग ताशी ४५ मैल, म्हणजे जेमतेम ७२ किलोमीटर. ४० गॅलनची टाकी सुमारे ३०० मैलांत रिकामी होई. अनेक ट्रकांच्या चालककक्षावर केवळ कॅनव्हासचे छत असे. तरीही असे ट्रक गावोगाव पोहोचले. कुणी त्यांच्यातून धान्य वाहिले, कुणी जंगलातले ओंडके ओढले; खेड्यांतल्या अग्निशमन दलांनी त्यांवर पाण्याच्या टाक्या चढवल्या.

८/
मात्र ज्या सैनिकाने फ्रान्समध्ये वा प्रशांत महासागरातील बेटांवर ट्रक चालवला, त्याचा तो ट्रक बहुधा तिथेच राहिला. जहाजाने परत आणण्याचा खर्च परवडणारा नव्हता. आजच्या वानुआतूमधील एस्पिरितू सांतो बेटावर अमेरिकनांनी शिल्लक यंत्रसामग्री तिथल्या ब्रिटिश-फ्रेंच सत्ताधाऱ्यांना स्वस्तात देऊ केली. आज ना उद्या फुकटच मिळेल, या हिशेबाने त्यांनी ती घेतली नाही. अखेर अमेरिकनांनी ट्रक, बुलडोझर सारे समुद्रात लोटले. ती जागा आजही ‘मिलियन डॉलर पॉइंट’ म्हणून ओळखली जाते.

९/
मनिलामध्ये उलट घडले. १९४५ च्या लढाईत शहर बेचिराख झाले, ट्राम बंद पडल्या. लोकांनी मागे राहिलेल्या जीपगाड्या घेतल्या, त्यांची लांबी वाढवली, समोरासमोर बाके बसवली, वर छप्पर घातले. त्यातून ‘जीपनी’ जन्मली आणि पुढे तीच त्या शहराची रोजची सवारी झाली.

१०/
परदेशांत विकलेल्या मालाचे पैसेही तिथल्याच चलनात अडकले होते. १ ऑगस्ट १९४६ च्या फुलब्राइट कायद्याने ते विद्यार्थी व अध्यापकांच्या देवाणघेवाणीसाठी खर्च करण्याची वाट मोकळी केली. भारतानेही १९४६ मध्ये अमेरिकेची इथली शिल्लक सामग्री घेतली होती. २ फेब्रुवारी १९५० रोजी दोन्ही देशांत फुलब्राइट करार झाला. अमेरिकेत शिकायला गेलेल्या पहिल्या भारतीय फुलब्राइट विद्यार्थ्यांच्या वाटखर्चामागे अशा सामग्रीचाही पैसा होता.

११/
आता पुन्हा त्या पन्नास डॉलरच्या जाहिरातीकडे वळू. ती खोटी होती. पण तिने ज्या भावनेवर पोट भरले, ती खरी होती. ज्यांनी युद्ध लढले आणि ज्यांच्या करातून ही वाहने उभी राहिली, त्यांना वाटे की या डोंगरातला एक तुकडा आपलाही आहे. कायद्याने तो शब्द दिला होता. ज्यांना तो मिळाला, ते ताशी ४५ मैलांनी ट्रक हाकत घरी गेले. उरलेल्यांच्या वाट्याला आली ती मासिकाच्या मागच्या पानावरची जीप.