जोर्व्याची चूल, आईचा ओटा

आईचं किचन नवं करतोय. मिस्त्री टेप न काढताच म्हणाला, "ओटा 34 इंच, सगळे तेवढाच करतात." आई जेमतेम पाच फूट. खांदे उचलून पोळ्या लाटायच्या का?

मला आपलं दायमाबाद आठवलं. श्रीरामपूर तालुका, प्रवरेचा काठ. तीन हजार वर्षांहून जुन्या जोर्वे काळातल्या (हे नाव संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावावरून पडलं, बरं का) मातीच्या घरांत उत्खननात चुली निघाल्या, धान्य साठवायची सोय निघाली. भांड्यांना तोट्या, ओतताना सांडायला नको! स्वयंपाक बसून, म्हणून ओट्याच्या उंचीची भानगडच नाही. गॅस आला, बाई उभी राहिली, पण उंची कुणाची धरली?

आम्ही आईचं कोपर मोजलं: 36 इंच. पाच वजा, ओटा 31. मिस्त्री अजून कुरकुरतोय.