धोटा बदलला नाही, माणूस बाहेर ठेवला

प्रमाणीकरणाचा इतिहास शिकवताना स्क्रू, नटबोल्ट आणि रेल्वेच्या रुळांची उदाहरणे दिली जातात. एकसारखा माल, एकसारखे माप, एकसारखा दर. यात जातीचा संबंध काय, असे विचारले जाते. आमचे उत्तर मुंबईच्या कापडगिरणीत आहे.

मागावर आडवे सूत नेणारा धोटा सर्वांना ठाऊक आहे. त्यातली कांडी संपली की नवी कांडी घालायची आणि सुताचे टोक धोट्याच्या बारीक छिद्रातून बाहेर काढायचे. जुन्या पद्धतीच्या धोट्यात विणकर हे टोक तोंडाने ओढून घेत असे. एकच धोटा अनेकांच्या तोंडाला लागे. म्हणून सवर्ण विणकरांनी अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात येऊ दिले नाही. विटाळ होतो, हे कारण! आमच्या माणसांच्या वाट्याला सूतकताईची कमी पगाराची खाती आली. विणकामाचा पगार त्याहून जास्त होता, हे विसरू नका.

तोंडाने सूत ओढण्याला पर्याय नव्हता का? होता. 1890 च्या दशकात अमेरिकेत नॉर्थ्रॉपचा स्वयंचलित माग आला, त्याच्या धोट्यात सूत आपोआप ओवले जाई. रोग पसरतो म्हणून मॅसॅच्युसेट्स राज्याने 1911 मध्ये तोंडाने ओढायच्या धोट्यावर कायद्याने बंदी घातली. ब्रिटनने त्याविरुद्ध नियम करायला 1952 उजाडले. उशिरा का होईना, तिकडे दोष यंत्रात शोधला गेला. आपल्याकडे तो माणसाच्या जन्मात शोधला गेला.

आता 1928 पाहा. मुंबईच्या गिरणीमालकांनी प्रमाणीकरणाची योजना आणली. कोणत्या यंत्रावर किती माणसे, कोणत्या कामाला किती दर, शिस्तीचे नियम कोणते, सगळे एकसारखे करायचे होते. पगारकपात आणि वाढीव कामाच्या भीतीने सुमारे दीड लाख कामगार सहा महिने संपावर राहिले. संपसमितीने 17 मागण्या मांडल्या. त्या काळात बाबासाहेबांनी कामगारपुढाऱ्यांना स्पष्ट सांगितले, की अस्पृश्य कामगारांना विणकामासह सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क मागण्यांत घ्या, नाहीतर आमचा संपाला पाठिंबा नाही. पुढाऱ्यांनी ती मागणी नाइलाजाने घेतली. पुढे फॉसेट समितीसमोर ती आली, तेव्हा हा अन्याय असलाच तरी त्याला गिरणीमालक जबाबदार नाहीत, असे पुढाऱ्यांना ऐकावे लागले.

हे अर्धे खरे होते. दार अडवून उभे होते ते सोबतचे कामगारच. पण मालकही सुटत नाहीत. दर ठरवणारे, माणसांची संख्या ठरवणारे मालक धोटाही ठरवू शकत होते. ज्या योजनेत यंत्रागणिक माणसे मोजली गेली, तिने कोणत्या जातीचा माणूस त्या यंत्राजवळ येऊ शकत नाही, हे मोजले नाही. 1938 मध्ये मनमाडला रेल्वेतील दलित कामगारांसमोर बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले, त्यामागे हा गिरणीचा अनुभवही होता.

बाबासाहेब प्रमाणीकरणाच्या विरोधात नव्हते. ते मजूरमंत्री असताना, 1946 मध्ये, कारखान्यातील कामाच्या अटी लेखी आणि निश्चित करणारा स्थायी आदेशांचा कायदा झाला. नियम कागदावर असला की मुकादमाची मर्जी चालत नाही, हे त्यांना कळत होते. प्रश्न नियम असावा का, हा नव्हताच. नियम लिहिताना टेबलाशी कोण बसले आहे, हा होता.

तो आजही आहे. 2013 चा कायदा आहे, 2014 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, तरी गटाराचे झाकण उघडून आमचाच माणूस आत उतरवला जातो. पाइपची जाडी, चेंबरचे माप, काँक्रीटची प्रत, सगळ्याला प्रमाण आहे. मग आत माणूस उतरवावाच लागणार नाही असे गटार, हे प्रमाण का होत नाही? कारण उतरणाऱ्याची जात आधीच ठरलेली आहे.

म्हणून आमचे तरुणांना सांगणे आहे: अभियंते व्हा, डिझायनर व्हा, मानके ठरवणाऱ्या समित्यांत शिरा. आणि तिथे पहिला प्रश्न हाच विचारा, की या यंत्रात बदलायचे काय आहे, धोटा की माणूस?

जय भीम!