ढिगावरचे आणि ढिगाखालचे

रमजानचा महिना लागला की आपल्या मोहल्ल्यातील बाजाराचे रूपच पालटते. असरची नमाज झाली की खजुरांचे ढीग रचले जातात, फळांच्या गाड्यांवर दिवे लटकतात, शेवयांखाली रंगीत कागद अंथरला जातो. विकण्याआधी माल दाखवावा लागतो, हे दुकानदाराला कुणी शिकवावे लागत नाही. आता तर या दाखवण्याचेच शास्त्र झाले आहे. कोणती वस्तू गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर ठेवायची, कशावर किती प्रकाश टाकायचा, हे ठरवण्यासाठी मोठ्या दुकानांतून पगारी माणसे असतात. हे शास्त्र युरोप-अमेरिकेत जन्मले असे सांगितले जाते. काच आणि विजेपुरते ते खरे आहे. पण माल कसा मांडावा याचा विचार मुस्लिम जगात त्याच्या कितीतरी शतके आधी झाला होता आणि त्याचा आरंभ धान्याच्या एका ढिगापासून झाला होता.

हजरत अबू हुरैरा (र.) यांनी सांगितलेली ही हदीस 'सहीह मुस्लिम'मध्ये आहे. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) बाजारातील धान्याच्या एका ढिगाजवळून जात होते. त्यांनी ढिगात हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. विचारल्यावर पावसाने धान्य भिजल्याचे विक्रेत्याने सांगितले. मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे पैगंबरांनी (स.) त्याला विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, असे बजावले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. धान्य भिजले हा त्या माणसाचा अपराध नव्हता. पाऊस त्याच्या हाती नव्हता. कोरडे वर आणि ओले खाली ही मांडणी मात्र त्याच्या हातची होती. म्हणजे मालाची मांडणी हीदेखील एक जबानच आहे आणि जबानीप्रमाणेच तीही खोटी बोलू शकते.

हाच धागा इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनी 'इह्या उलूमिद्दीन' या ग्रंथात पुढे नेला. कापडाची चांगली बाजू दाखवून दुसरी लपवणे, कापड अंधाऱ्या जागी दाखवणे, पादत्राणांच्या जोडीतील बरे तेवढेच पुढे करणे, या साऱ्याला त्यांनी फसवणूक म्हटले आहे. दुकानातील प्रकाश हा नीतीचा प्रश्न आहे, हे त्यांनी नऊशे वर्षांपूर्वी ओळखले होते. त्याच ग्रंथात यूनुस बिन उबैद या व्यापाऱ्याची गोष्ट येते. त्यांच्या नोकराने गिऱ्हाइकासमोर रेशमी कापड उलगडले आणि त्याच्या तोंडून सहज दुआ निघाली, की अल्लाहने आम्हाला जन्नत नसीब करावी. ही दुआ म्हणजे मालाची आडवळणाने केलेली तारीफच झाली, या धास्तीने यूनुस यांनी तो माल विकलाच नाही. आजच्या कोणत्या विक्रेत्याला हे पटेल?

नुसत्या उपदेशावर बाजार चालत नाही, हेही त्या काळच्या लोकांना ठाऊक होते. म्हणून बाजारावर देखरेख करणारा मुहतसिब नेमला जाई. बाराव्या शतकात शैजरी यांनी मुहतसिबासाठी लिहिलेली मार्गदर्शिका आजही उपलब्ध आहे. त्यांच्या मते एका धंद्याची दुकाने एका जागी असावीत, भट्टी पेटवणारे कारागीर अत्तरवाल्यांपासून आणि कापडवाल्यांपासून दूर असावेत, दुकानाचा ओटा रस्त्यात येऊ नये. कसायाने टांगलेले मांस ओट्याबाहेर लोंबू नये, कारण येणाऱ्या-जाणाऱ्यांचे कपडे खराब होतात. शेळीचे मांस मेंढीच्या मांसात मिसळू नये. ओळख पटावी म्हणून त्यावर केशराची खूण करावी आणि शेळीची शेपटी शेवटपर्यंत तशीच राहू द्यावी. शेळीचे मांस विकण्याला येथे मनाई नाही. ते शेळीचे म्हणूनच विकावे, एवढाच आग्रह आहे.

जुन्या बाजारांत दिखाऊपणा तसा कमीच होता. इस्तंबूलच्या प्रसिद्ध झाकलेल्या बाजारात १८९४ च्या भूकंपापर्यंत व्यापारी लाकडी बैठकीवर बसत आणि मौल्यवान जिन्नस कपाटातून काढून दाखवत. आपल्याकडच्या जुन्या कापडपेढ्यांवरही पांढऱ्या गादीवर ठाण उलगडले जाई. गिऱ्हाईक कापड चिमटीत धरी, उजेडात नेऊन पाही. ढिगात हात घालण्याची सोय तेथे होती.

एकोणिसाव्या शतकात ही सोय काचेआड गेली. मोठ्या काचा बनू लागल्या आणि दुकानाची भिंतच पारदर्शक झाली. पॅरिसच्या 'बाँ मार्शे'मध्ये १८५२ पासून आरिस्तीद बूसिको यांनी ठरलेले भाव, मुक्त प्रवेश आणि माल परत करण्याची सोय रुजवली. काही न घेता नुसते पाहत फिरण्याची मुभा सामान्य माणसाला मिळाली, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. लंडनमध्ये १९०९ साली सेल्फ्रिज यांचे दुकान उघडले. त्याच्या काचा रात्रीही उजळलेल्या असत. त्याच वर्षी इंग्लिश खाडी ओलांडणारे ब्लेरिओ यांचे विमान तेथे मांडले गेले आणि ते पाहायला माणसांची रीघ लागली. विमान विकायचे नव्हतेच. विकायची होती ती गर्दीची नजर.

या कलेचे पहिले मासिक शिकागोत १८९७ साली निघाले. त्याचे संपादक होते एल. फ्रँक बॉम. दुकानाच्या काचा कशा सजवाव्यात यावर त्यांनी १९०० साली पुस्तक लिहिले आणि त्याच वर्षी ओझच्या जादूगाराची जगप्रसिद्ध बालकथाही. त्या कथेतील पाचूच्या नगरीत प्रत्येकाला हिरवा चष्मा लावावा लागतो. शेवटी जादूगार कबूल करतो, की नगरी इतर नगरांहून हिरवी नाहीच. हिरवी आहे ती चष्म्याची काच. दुकानांच्या काचा सजवण्याची विद्या शिकवणाऱ्यानेच हे लिहून ठेवले आहे!

आपल्या मुंबईत हाजीअलीजवळ १९९९ साली मोठा मॉल उघडला, तेव्हा सुरुवातीला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड नसलेल्यांना तिकीट घ्यावे लागे. बूसिकोने दीडशे वर्षांपूर्वी उघडलेले दार येथे काही काळ पुन्हा अर्धे लोटले गेले. आता तर माल मोबाइलच्या पडद्यावर असतो. ढीग दिसतो, हात घालता येत नाही.

मागे एकदा वर्गात मी धान्याच्या ढिगाची ही हदीस शिकवत होतो. एक मुलगा उठून म्हणाला, "सर, अब्बा डागाळलेली केळी वर ठेवतील तर गाडीजवळ येणार कोण? आमच्या घरी इफ्तारला काय?" वर्ग हसला, मला हसू आले नाही. त्याचे वडील फळांची गाडी लावतात. मी दोन दिवस आधीच एका दुकानातून खजुराचा डबा आणला होता; वरचा थर मऊ, रसाळ आणि खालचा बुरशी धरलेला. मला राग आला होता तो त्या दुकानदाराचा. या मुलाच्या प्रश्नाने माझा राग निवला नाही, पण त्याला दुसरी बाजू आहे हे कळले. गरीब विक्रेत्याला नासलेल्या मालाचा तोटा परवडत नाही.

मी त्याला शैजरींच्या केशराची गोष्ट सांगितली. म्हटले, चांगली केळी खुशाल वर ठेवा, फळे पुसा, दिवा लावा. सजावट हराम नाही. डागाळलेली मात्र वेगळ्या पाटीत ठेवा आणि भाव कमी सांगा. शिरखुर्म्याला नसली तरी शिकरणीला ती चालतात आणि ज्याच्या खिशात कमी पैसे आहेत त्यालाही फळ मिळते. मुलाने मान डोलावली. त्याचे समाधान झाले की नाही, मी सांगू शकत नाही.

त्यानंतर काही दिवसांनी संध्याकाळी त्या गाडीवरून गेलो. एका बाजूला लहानशी पाटी होती. तिच्यात काळे ठिपके पडलेली केळी होती आणि पुठ्ठ्यावर मुलाच्या अक्षरात उर्दूत निम्मा भाव लिहिला होता. मी त्यातलीच अर्धा डझन घेतली. पाटी जवळजवळ रिकामी झाली होती.