गलगंड आणि दृष्टी : एका निदानाचा इतिहास

सुश्रुतसंहितेत गलगंडाचे विवेचन निदानस्थानात येते, तर ७६ नेत्ररोगांची गणना उत्तरतंत्रात येते. ही दोन प्रकरणे एकमेकांपासून अलगच राहिली. युरोपातही त्यांचा संबंध सावकाश जुळला. बाथ येथील पॅरीने १७८६ साली पाहिलेला रुग्ण त्याच्या मृत्यूनंतर १८२५ मध्ये छापून प्रसिद्ध झाला. पुढे डब्लिनच्या ग्रेव्हजने १८३५ मध्ये व मर्सेबुर्गच्या बासेडोने १८४० मध्ये वाढलेली अवटु ग्रंथी, हृदयाची धडधड आणि बाहेर आलेले डोळे यांची सांगड घातली. इंग्रजी वैद्यकाच्या वाटेने आपल्याकडे ग्रेव्हजचेच नाव रूढ झाले. अग्रमान पाहता ते पॅरीचे असावयास हवे होते.

कोल्हापूरला १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे आली आणि १८९५ मध्ये शाहू छत्रपतींनी शाहूपुरी ही व्यापारपेठ वसविली. पेठेतील दृष्टी अधू झालेल्या माणसास मिरजेला डॉ. वान्लेस यांच्या रुग्णालयात जाणे त्यामुळे सुकर झाले. परंतु त्या काळच्या नेत्रशस्त्राचे सामर्थ्य मोतीबिंदूत होते. भिंग स्वच्छ असूनही ज्याची दृष्टी मावळत आहे, अशा रुग्णाला त्या शस्त्रापाशी उत्तर नव्हते.

या रोगाची खरी फसवणूक येथेच आहे. डोळ्याच्या अस्थिमय खोबणीतील स्नायू व मेद सुजले की डोळा पुढे ढकलला जातो. हेर्टेलने १९०५ मध्ये हे अंतर मोजण्याचे साधन दिले खरे. पण ज्याचा डोळा घट्ट पडद्यांमुळे फारसा पुढे सरकत नाही, त्याच्याच खोबणीत दाब साठून दृष्टीचा मज्जातंतू चिरडला जाण्याचा संभव असतो. चेहरा पाहून निदान करणारा वैद्य अशा वेळी चुकतो. तांबडा रंग फिका दिसू लागणे ही खूण डोळ्यांच्या उंचीपेक्षा अधिक मोलाची ठरते. नॅफझिगरने १९३१ मध्ये खोबणीचे छत काढून दाब उतरविण्याची शस्त्रक्रिया मांडली ती याच कारणाने.

१९५६ मध्ये न्यूझीलंडात ॲडम्स व पर्व्हज यांना रुग्णांच्या रक्तात अवटूला दीर्घकाळ चेतविणारे द्रव्य आढळले; ते शरीराने स्वतःविरुद्धच निर्मिलेले प्रतिद्रव्य होय, हे पुढे सिद्ध झाले. योगायोग असा, की त्याच वर्षी तुर्भे येथे ‘अप्सरा’ अणुभट्टी कार्यान्वित झाली आणि १९६३ मध्ये मुंबईत विकिरण वैद्यक केंद्र निघून किरणोत्सारी आयोडिनाचा उपचार महाराष्ट्राच्या आवाक्यात आला. तथापि ग्रंथी शमली म्हणजे डोळा शमतोच असे नाही. या आयोडिनाने काही रुग्णांचा, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांचा, नेत्रविकार बळावतो आणि सोबत स्टेरॉइड दिल्यास तो आवरतो, हे इटलीतील अभ्यासाने १९९८ मध्ये दाखविले. निपाणीच्या तंबाखूपट्ट्याला लागून असलेल्या या जिल्ह्यात बिडीविषयीचा प्रश्न वैद्याने प्रथमच विचारावयास हवा.

मज्जातंतूवर दाब आल्यास शिरेतून स्टेरॉइड तातडीने दिले जाते. गुण न आल्यास खोबणी मोकळी करतात. तिरळेपणाची शस्त्रक्रिया त्यानंतर आणि पापण्यांची सर्वांत शेवटी होते, कारण आधीची प्रत्येक पायरी पुढच्या पायरीचे माप बदलते.