एका शब्दाची अस्वस्थता

काही शब्द दिसायला साधे, पण परमुलखात न्यायला महाकठीण. इंग्रजीतला ‘अनईझिनेस’ हा तसाच एक. अंगाला होणारा त्रास, मनाची रुखरुख, चारचौघांतला अवघडलेपणा, हवे ते न मिळाल्याची हुरहुर, हे सारे त्याच्या पोटात मावते.

जॉन लॉक या तत्त्वज्ञाने मानवी बुद्धीवरील आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत याच शब्दावर मोठा भार टाकला. माणूस हातपाय हलवतो तो पुढच्या मोठ्या सुखाच्या ओढीने नव्हे. आत्ता काहीतरी सलते आहे म्हणून, असे त्याचे म्हणणे.

हा ग्रंथ फ्रेंचमध्ये नेला पिएर कॉस्त याने. १६८५ साली फ्रान्सच्या राजाने प्रॉटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले, त्यात देशाला मुकलेला हा तरुण. १६९७ पासून तो इंग्लंडमध्ये मॅशम कुटुंबाच्या घरी मुलाचा शिक्षक होता आणि लॉकचा मुक्कामही त्याच घरी! ग्रंथकर्ता एकाच छपराखाली असण्याचे भाग्य किती भाषांतरकारांना लाभते? तरीही फ्रेंचमध्ये नेमका शब्द मिळेना. कॉस्तने ‘अँकिएत्यूद’ घेतला. पण त्यात चिंतेची आणि चुळबुळीची छटा अधिक. लॉकला अभिप्रेत होती ती नुसती चैन नसल्याची, सोसायची अवस्था.

मला कॉस्तचा मोठेपणा दिसतो तो पुढे. १७०० साली ॲम्स्टरडॅमला भाषांतर निघाले, त्यात त्याने हा शब्द तिरप्या टाइपात छापवला आणि टीप दिली: शब्द तंतोतंत नाही, याहून जवळचा सापडला नाही, तिरपा दिसेल तिथे लॉकचाच अर्थ मनात धरा.

हॅनोव्हरच्या लायब्निट्सने हे भाषांतर वाचले. लॉकचा आशय त्यात पुरता उतरला नसेलही, पण विषयाला हाच शब्द शोभतो, असे त्याला वाटले. घड्याळाच्या आंदोलकाला जर्मन भाषेत ‘अस्वस्थता’ याच अर्थाचे नाव आहे. आपल्या आतही अशीच बारीक, न जाणवणारी आंदोलने अखंड चालतात, असे त्याने लिहिले. १७०४ मध्ये त्याचे उत्तर लिहून होत आले, त्याच वर्षी लॉक वारला. ग्रंथ छापला गेला तो थेट १७६५ साली.

मराठीत आपण ‘प्रकृती अस्वस्थ आहे’ म्हणतो, तसेच ‘मन अस्वस्थ आहे’ असेही म्हणतो. स्वतःत स्थिर तो स्वस्थ, नसेल तो अस्वस्थ. कॉस्तला जो जोड शब्द फ्रेंचमध्ये मिळाला नाही, तो आपण रोज सहज बोलून जातो. मात्र न जुळणारा शब्द न जुळणाराच म्हणून वाचकापुढे ठेवण्याचा त्याचा प्रामाणिकपणा कोणत्याही भाषेत दुर्मिळच.