बैठक, मैफल आणि जलसा : तीन शब्दांचा सामाजिक इतिहास

गेल्या हिवाळ्यात पुण्यातील एका घरी आमच्या आवडत्या गायिकेचे गाणे ऐकण्याचा योग आला. श्रोते जेमतेम चाळीस, ध्वनिवर्धक नव्हता. गायिकेने घेतलेला श्वासही मागच्या भिंतीपाशी ऐकू येत होता. यजमानांनी या कार्यक्रमास कटाक्षाने ‘बैठक’ म्हटले, ‘जलसा’ म्हटले नाही. हा भेद कसा निर्माण झाला, एवढाच प्रश्न प्रस्तुत टिपणात विचारात घ्यावयाचा आहे.

व्युत्पत्ती या भेदास आधार देत नाही. ‘बैठक’ या शब्दाचे मूळ संस्कृत ‘उपविष्ट’ या रूपापर्यंत पोहोचते. ‘जलसा’ हा अरबी ‘ज-ल-स’ या धातूपासून आला. दोहोंचा मूलार्थ बसणे हाच होय. ‘मैफल’ म्हणजे अरबी ‘महफिल’. तिच्या मुळाशी एकत्र जमण्याची कल्पना आहे. तेव्हा अर्थभेद शब्दांनी जन्मतः आणलेला नसून तो मराठी समाजाने घडविला, असे म्हणावयास हरकत नाही.

एकोणिसाव्या शतकात रागदारी गायनाचा मुख्य आश्रय दरबार आणि धनिकांचे दिवाणखाने हा होता. श्रोता निमंत्रणाने येई. १८७४ साली पुण्यात गायन समाज निघाला. १९०१ साली विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले. १९११ साली भास्करबुवा बखल्यांनी पुण्यात भारत गायन समाज काढला. संगीत दिवाणखान्याबाहेर पडले, आणि तिकीट काढून ऐकावयाच्या गाण्यास ‘जलसा’ हे नाव रूढ झाले. दुसरीकडे, १८७३ साली स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाच्या प्रेरणेने सत्यशोधकी जलसे आणि पुढे आंबेडकरी जलसे उभे राहिले. ज्यांना दिवाणखान्याचा उंबरठा ओलांडता येत नव्हता, त्यांच्यापुढे ते उघड्यावर होत. अशा रीतीने ‘जलसा’ लोकांचा झाला व ‘बैठक’ निवडकांची राहिली.

१९०२ साली कलकत्त्यास गौहरजानचे गाणे ध्वनिमुद्रित झाले. १९२७ साली मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. पुढे ध्वनिवर्धक आला आणि १९५३ पासून पुण्यात भरणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवासारखे विशाल मेळावे शक्य झाले. यात लाभ मोठा आहे. हानी कोणती, हे आपली क्रियापदे सांगतात. कार्यक्रम ‘होतो’, मैफल मात्र ‘जमते’ आणि ‘रंगते’. गायकाने ती ‘रंगविली’ असेही आपण म्हणतो, परंतु मूळ रूप अकर्मक आहे : रंगण्याचा कर्ता गायक नव्हे, मैफलच होय. दाद, मान डोलणे, समेवर मिळणारा हुंकार, इतकेच नव्हे तर श्रोत्यांची स्तब्धता, ही त्या गाण्याची अंगे आहेत. गायकास श्रोत्याचा चेहरा दिसेनासा झाला की ती गळतात.

तथापि जुन्या बैठकीचे गोडवे गाताना सावध राहिले पाहिजे. तेथे गाणाऱ्या कलावंत स्त्रीच्या कलेस मान मिळे. बाहेर समाजात तिला तो मिळेच असे नाही. बैठकीचा गुण तिच्या जवळिकीत होता, बंद दारात नव्हता. या दोन गोष्टी इतिहासाने एकत्र बांधल्या. त्या एकत्रच राहिल्या पाहिजेत असे नाही. चाळीस श्रोत्यांची खोली चाळिसांचीच राहावी. मात्र ते चाळीस कोण, हे निमंत्रणपत्रिकेने ठरवू नये.